पेन्सिलची फुली

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी सचिवांचा फोन आला. म्हणाले, "काका, सत्कार झाल्यावर मुलांना चार शब्द मार्गदर्शनपर सांगा." मी म्हटलं, मुलांना मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्या आईवडिलांशी बोललो तर चालेल का? ते म्हणाले, "चालेल, पण जेवणाची वेळ सांभाळा." तेव्हा भाजी गार व्हायच्या आत मी संपवतो.

आत्ता ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचं मनापासून अभिनंदन. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा यातलं एकही जन्माला आलं नव्हतं. यांच्या टक्केवाऱ्या ऐकून मला माझी मॅट्रिकची गुणपत्रिका आठवली आणि ती घरी कपाटात आहे याचं समाधान वाटलं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ही मुलं तिकडे खुर्च्या लावत होती. मी सहज विचारलं, "का रे, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?" एक जण म्हणाला, "टाकीतून." मी म्हटलं, टाकीत कुठून येतं? "मोटरनं." मोटरमध्ये कुठून? तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. येळगावचं धरण, पैनगंगा, जलशुद्धीकरण, नगरपालिकेची पाइपलाइन, यातलं काही कुणी सांगितलं नाही. पण मी "जलचक्र" म्हटल्याबरोबर तिघांनी बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य असं धडाधड म्हणून दाखवलं. आकृतीसुद्धा काढता येते म्हणाले. आपल्या नळाला आठवड्यात किती वेळा पाणी येतं हे मात्र त्यांना त्यांच्या आईला विचारावं लागलं.

हसू नका. हा दोष मुलांचा नाही. तो कुणाचा, तेच आज मला बोलायचं आहे. आणि त्यात माझा वाटा किती, तेही सांगायचं आहे.

मी छत्तीस वर्षं बँकेत होतो. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर गावोगाव शाखा निघाल्या. आमच्यासारख्या घाटाखालच्या शेतकऱ्याच्या पोरांना खुर्ची मिळाली ती त्या लाटेत. नवीन नोकरी, अंगात बी.कॉम.ची रग. एके दिवशी एक म्हातारे शेतकरी पीककर्ज भरायला आले. धोतर, डोक्याला मुंडासं, सहीच्या जागी अंगठा. तीन हजार रुपये कर्ज, अकरा टक्के व्याज. मी कागदावर मांडून त्यांना व्याज सांगितलं, दोनशे पंच्याहत्तर रुपये. ते थोडा वेळ बोटांच्या पेरांवर मोजत राहिले आणि म्हणाले, "सायेब, तुमची मांडनी चुकली असन. तीन हजाराचं सालाचं तीनशे तीस होते. मी पैसे नेले त्याले आठ महिने झाले. म्हंजे दोनशे वीस. हे पंचावन कुठून आनले तुम्ही?"

मी पुन्हा पाहिलं. मी मंजुरीच्या तारखेपासून मोजलं होतं. त्यांनी पैसे उचलले होते दोन महिन्यांनंतर. चूक माझी होती. त्यांना पावकी, निमकी, दिडकी पाठ होती. शाळा फारशी पाहिलेली नव्हती. पण त्यांनी हिशोब शिकला होता तो स्वतःच्या पैशावर, आणि स्वतःच्या पैशाचा हिशोब माणूस विसरत नाही.

पुढे त्याच काउंटरवर मी पदवीधर मुलं पाहिली. पैसे काढायची स्लिप हातात घेऊन ती विचारायची, "साहेब, इथे काय लिहू?" अक्षरी रक्कम लिहिताना गोंधळायची. गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली मुलं होती त्यात. शाळेत आपण सगळ्यांनी व्याजाची उदाहरणं सोडवली आहेत. "द.सा.द.शे. ८ दराने ५००० रुपयांचे ३ वर्षांचे सरळव्याज किती?" मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. उत्तर बरोबर यायचं. पण बाहेर गावात कुणी द.सा.द.शे. बोलत नाही. गावात म्हणतात, "दोन रुपये शेकडा." म्हणजे शंभराला महिन्याचे दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हे त्या मुलाला माहीत नसायचं. दोन रुपये म्हणजे दोन टक्के असं समजून सावकाराकडून पैसे उचललेला एक बी.ए. झालेला मुलगा माझ्यासमोर बसून रडलेला आहे. त्याच्या गुणपत्रिकेवर गणितात ७८ होते.

आता माझ्या घरातली गोष्ट. ही मुलाची परवानगी घेऊन सांगतोय. तो आज मागच्या रांगेत बसला आहे.

बँकेत काम केलेल्या लोकांना पेन्सिलची फुली माहीत असेल. कर्जाच्या कागदपत्रांचा जाड गठ्ठा असतो. पंधरा-वीस ठिकाणी सह्या लागतात. गिऱ्हाइकाचा वेळ जाऊ नये म्हणून आम्ही आधीच पेन्सिलने बारीक फुल्या करून ठेवायचो. "फुली आहे तिथे सही करा." जामीनदार आला की त्यालाही तेच. तो भीतभीत विचारायचा, "साहेब, याच्यात काही भानगड तर नाही?" आणि मी म्हणायचो, "काही नाही हो, फॉर्मॅलिटी आहे." शेकडो लोकांना मी हे वाक्य म्हटलं असेल.

ती फॉर्मॅलिटी नसते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. त्याने भरलं नाही तर तुम्ही भरायचं. हे मला पाठ होतं. बँकेच्या परीक्षेत त्यावर मला गुणही मिळाले होते. काउंटरवर मात्र मी फुली करायचो.

घरीही मी तेच केलं. मुलाचे सगळे अर्ज मी भरले. दहावीचा फॉर्म, बारावीचा, इंजिनिअरिंगचा प्रवेश, वसतिगृहाचा अर्ज, बँकेचं खातं, सगळं. अक्षर माझं, फुली माझी, सही त्याची. मला वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय, त्याचा वेळ कशाला घालवायचा? लाइटचं बिल भरायलाही मी त्याला कधी पाठवलं नाही. तो चांगल्या गुणांनी इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरी लागली. आम्ही पेढे वाटले. तुमच्यापैकी काही जणांनी ते खाल्ले आहेत.

नोकरीला वर्ष झालं नाही तोच घरच्या पत्त्यावर नोटीस आली. खोलीवरच्या मित्राने एका खासगी कंपनीकडून साठ हजारांचं कर्ज घेतलं होतं. जामीनदार माझा मुलगा. मित्राने पाच हप्ते भरले आणि नोकरी सोडून निघून गेला, फोन बंद. मी रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलो. रागावलेलो होतो. विचारलं, "तू कागद वाचला नाहीस का?"

तो म्हणाला, "बाबा, आजपर्यंत माझा प्रत्येक कागद तुम्हीच वाचला. मी फक्त फुलीवर सही करायचो. त्यांनीही फुली करून दिली. म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे."

मित्रहो, माझं वाक्य शब्द न बदलता माझ्याकडे परत आलं होतं. मला पुढे काही बोलता आलं नाही.

मग आम्ही दोघं तो करारनामा घेऊन बसलो. पत्रकावर ठळक अक्षरात होतं, "व्याज फक्त १२ टक्के." मी त्याला म्हटलं, तू इंजिनिअर आहेस, मांड. ही मांडणी आज तुमच्यासमोरही ठेवतो, कारण ती प्रत्येक घरात उपयोगी पडेल.

साठ हजार रुपये, दोन वर्षं, १२ टक्के. पत्रकातल्या हिशोबाने वर्षाचं व्याज ७,२०० रुपये, दोन वर्षांचं १४,४०० रुपये. एकूण ७४,४०० रुपये, भागिले २४ महिने. हप्ता आला ३,१०० रुपये. दिसायला सरळ आहे. पण कर्जदार दर महिन्याला थोडं मुद्दलही फेडत असतो. दीड वर्षाने त्याच्याकडे पंधरा-सोळा हजारच बाकी असतात, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर लागतं. याला फ्लॅट दर म्हणतात. व्याज शिल्लक मुद्दलावरच लावलं, तर त्याच १२ टक्क्यांनी हप्ता साधारण २,८२४ रुपये येतो आणि दोन वर्षांचं सगळं व्याज ७,८०० रुपयांच्या आत बसतं. उलट बाजूने पाहिलं, तर ३,१०० रुपये हप्ता म्हणजे शिल्लक रकमेवर जवळपास साडेएकवीस टक्के व्याज. १२ लिहायचं आणि साडेएकवीस घ्यायचं. खोटं कुठेच लिहिलेलं नसतं.

मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. म्हणाला, "बाबा, हे गणित मला येतं. हे आम्हाला होतं. पण ते इथे लावायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेली वीस वर्षं गेलेलं नाही. त्याला गणित येत होतं. पण शाळेतलं गणित शाळेतच राहिलं होतं.

आता एक गोष्ट राहिली. उरलेले १९ हप्ते, म्हणजे ५८,९०० रुपये, मी मुदत ठेव मोडून भरायला निघालो होतो. तेव्हा मुलीचा फोन आला. ती धाकटी. ती बारावीला असताना माझी बदली गडचिरोलीकडे झाली होती, मी महिन्यातून एकदा घरी यायचो. त्यामुळे तिचे फॉर्म तिनेच भरले. अमरावतीला विद्यापीठाच्या खिडकीवर रांगेत तीच उभी राहिली, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा तिनेच मारल्या, एकदा चुकीचं चलन भरून पैसे घालवले तेही तिनेच. मला कायम वाटायचं की या पोरीकडे माझं दुर्लक्ष झालं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही पैसे भरलेत तर दादा पुढच्या कागदावरही न वाचता सही करेल. त्याला भरू द्या."

त्याने भरले. एकोणीस महिने, दरमहा ३,१०० रुपये. त्या दिवाळीला त्याने नवे कपडे घेतले नाहीत. मला ते बघवत नव्हतं. पण ज्या मुलाकडे मी लक्ष दिलं तो कागदापुढे अडाणी राहिला आणि जिच्याकडे द्यायला वेळ नव्हता ती शहाणी झाली, हे मला मान्य करावंच लागलं.

तुम्ही म्हणाल, काका, ही तुमच्या घरातली गोष्ट झाली, शाळेचं काय? शाळेबद्दल बोलतो. आणि हेही सांगतो की मी नवीन काही सांगत नाही. हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून सांगून झालं आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं, तर मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. शेतकऱ्याचं पोर शेतकऱ्याच्या जगण्यासाठी शिकलं पाहिजे, ही दृष्टी त्यात आहे.

पुढे १९३७ साली, २२ आणि २३ ऑक्टोबरला, आपल्याच विदर्भात वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, वर्धाही त्याच प्रांतात. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेलं, असा विचार तिथे मांडला गेला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने तो प्रत्यक्षात आणला. यालाच नई तालीम म्हणतात. लोकांना वाटतं नई तालीम म्हणजे टकळीवर सूत कातणं. मूळ कल्पना वेगळी होती. सूत कातता कातता कापूस कुठे पिकतो हा भूगोल, किती तोळे सूत निघालं हे गणित, कापडाचा व्यापार कुणी बुडवला हा इतिहास, असं सगळं एका कामातून शिकायचं. आपला जिल्हा कापसाचा. खामगावची कापसाची बाजारपेठ एके काळी दूरवर गाजलेली. पण आपल्या शाळांमधल्या मुलांनी कापूस शिकला तो पुस्तकातल्या नकाशावर.

तिसरं नाव डॉ. श्रीनाथ कलबाग. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली, नापास झालेली मुलं त्यांनी घेतली आणि त्यांना वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, रक्तगट तपासणं, माती तपासणं असं सगळं हाताने करायला शिकवलं. त्यातून विज्ञान समजावलं. नुसतं सरावासाठी नाही, गावाच्या खऱ्या गरजेची कामं ती मुलं करायची. त्यावरूनच मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तयार झाला आणि राज्यातल्या काही माध्यमिक शाळांनी तो घेतला. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? सरकारला दोष देणं सोपं आहे, आणि थोडा दोष आहेही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला. तो शाळेत आला आणि त्याचा एक तास झाला. त्या तासाला कागदाची फुलं आणि पताका. पण मी दुसरं कारण सांगतो, आणि ते कडू आहे. आपणच ते होऊ दिलं नाही. सूत, माती, करवत म्हटलं की आपल्याला वाटलं, हे गरिबांच्या पोरांसाठी. आमच्या पोराने गवंडीकाम शिकायचं का? ज्यांच्या बापाने आयुष्यभर मातीत हात घातले त्यांनाही वाटलं की पोराचे हात आता स्वच्छ राहावेत. त्यात त्यांचं काय चुकलं? त्यांनी मातीचे कष्ट पाहिले होते. मीही त्याच घरातला.

आणि आजचं पाहा. शाळेने प्रकल्प दिला की तो कोण करतं? वहीत चिकटवायची चित्रं तयार पाकिटात मिळतात. "पाणी वाचवा" हा प्रकल्प रात्री अकरा वाजता आई करते, तिची सही शिक्षिका करते, गुण मुलाला मिळतात. मी फुली करायचो, तुम्ही चिकटवता. फरक काय?

माझं म्हणणं चुकीच्या रीतीने घेऊ नका. गुण नकोत, परीक्षा नको, असं मी म्हणत नाही. मी स्वतः परीक्षा देऊन बँकेत लागलो. पंजाबराव देशमुखांसारख्या माणसांनी खेड्यापाड्यात शाळा नेल्या म्हणून आमच्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या पोरांना दार उघडलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला मी कधीही म्हणणार नाही की पुस्तक ठेव आणि करवत घे. मला इतकंच म्हणायचं आहे की पुस्तकात शिकलेलं बाहेर लावून पाहायची संधी मुलाला लहानपणी मिळाली पाहिजे, आणि लावताना चुकायचीही. दहाव्या वर्षी पन्नास रुपयांची चूक झाली तर ती स्वस्त पडते. चोविसाव्या वर्षी तीच चूक आम्हाला ५८,९०० रुपयांना पडली. आणि आता तर मोबाइलवर एक ओटीपी सांगितला की खातं रिकामं होतं. तसं कुणाचं झालंच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा नंबर आज घरी गेल्यावर फ्रीजवर लिहून ठेवा.

आता काय करायचं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायचं. शाळा ते करतील तेव्हा करतील. आपली सोसायटीही एक शाळाच आहे, तिला फक्त घंटा नाही. म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. मंजूर झाल्या तर राबायला मी तयार आहे.

पहिली. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपले स्वतःचे दहा दिवस. आपल्या इथे वायरमन म्हणून निवृत्त झालेले आहेत, सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या सिस्टर आहेत, कृषी खात्यातले आहेत, शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत. एकेकाने एकेक दिवस घ्यावा. फ्यूज कसा बदलायचा, मीटर कसं वाचायचं, भाजलं तर काय करायचं, बटण कसं लावायचं. एक दिवस सगळ्यांनी येळगावच्या धरणावर जाऊन तिथून आपल्या टाकीपर्यंत पाण्याचा माग काढत यायचं. आणि एक दिवस स्वयंपाकघराचा, त्या दिवशी फक्त मुलग्यांनी पोळ्या लाटायच्या. मुलींनी फक्त गुण द्यायचे.

दुसरी. वार्षिक सर्वसाधारण सभेला नववीच्या वरच्या मुलांना मागे बसू द्या. मत नसेल त्यांना, पण ताळेबंद हातात द्या. आदर्श उपविधीप्रमाणे इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंड जमा करायचा असतो. समजा एका घराचा बांधकाम खर्च सहा लाख धरला, तर वर्षाचे १,५०० रुपये, महिन्याचे १२५ रुपये. पंचवीस वर्षांचे ३७,५०० रुपये, वर व्याज. इमारत म्हातारी झाली की हेच पैसे कामी येतात. चक्रवाढ व्याज शिकायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? आणि खरं सांगू, आपल्यातल्या किती मोठ्यांनी आपला ताळेबंद वाचला आहे? नामनिर्देशन केलं म्हणजे तो माणूस मालक झाला असं समजणारे आपल्यातही आहेत. बँकेच्या खात्यात नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, हक्क वारसांचा. मुलांबरोबर आपणही शिकू.

तिसरी सूचना घरासाठी आहे, तिला कार्यकारिणीचा ठराव लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, मर्यादा बँक ठरवते. ते उघडा. स्लिप त्याला भरू द्या. चुकली तर काउंटरवरचा माणूस परत देईल, द्या म्हणावं. दहावीचा फॉर्म त्याला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि हात मांडीखाली ठेवा. मला माहीत आहे, ते फार अवघड असतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मुलाने एकोणिसावा हप्ता भरला त्या दिवशी त्याने कर्ज फिटल्याचं पत्र मागून घेतलं आणि मूळ करारनामा रद्द केल्याचा शिक्का मारून परत घेतला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. घरी आला तेव्हा तो कागद त्याने मला दाखवला. सहीच्या शेजारी पेन्सिलची फुली अजून होती, पुसट. मी खोडरबर शोधायला उठलो. तो म्हणाला, "राहू द्या, बाबा."

मागच्या महिन्यात नातू शाळेच्या सहलीचं संमतिपत्र घेऊन माझ्याकडे आला. पालकांनी सही करायची होती आणि आईबाप कामावर होते. मला म्हणाला, "आजोबा, सही करा ना, इथे." त्याने स्वतःच तिथे पेन्सिलने फुली करून आणली होती. मी म्हटलं, आधी मला वाचून दाखव. तो कुरकुरला, पण वाचलं त्याने सगळं. चौथ्या ओळीवर थांबला आणि म्हणाला, "आजोबा, यात पोहता येतं का असं विचारलंय. मला नाही येत."

मग आम्ही तसं लिहिलं.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला आज सतरंजीवर बसलेली ही मुलं खुर्चीवर असतील, तेव्हा ताळेबंद तेच वाचतील.

जय हिंद, जय महाराष्ट्र.